काढलेले प्रश्न आणि पडलेले प्रश्न

मराठीत 'प्रश्न' या नामाला अनेक क्रियापदे लागतात. त्यांपैकी तिघांचा विचार येथे करायचा आहे. प्रश्न पडतो, प्रश्न विचारला जातो आणि प्रश्न काढला जातो. 'मला प्रश्न पडला' या वाक्यात ज्याला प्रश्न पडतो तो कर्ता नसतो. तो चतुर्थीत उभा असतो आणि जे घडते ते त्याच्या बाबतीत घडते. 'मी त्याला प्रश्न विचारला' यात दोन माणसे असतात. 'मी प्रश्न काढले' या वाक्यात मात्र दुसऱ्या माणसाची गरज उरत नाही. विहिरीतून पाणी काढावे किंवा माळ्यावरून जुनी भांडी काढावीत, तसे उताऱ्यातून प्रश्न काढले जातात. किती काढले हे सांगता येते. कोणासाठी काढले हे सांगावे लागत नाही. प्राश्निकाच्या कामाला आपल्या भाषेने हे क्रियापद दिले तेव्हा त्यात उपरोध अभिप्रेत होता असे मला वाटत नाही. आज तो आपोआप आला आहे.

निमित्त असे. २०२० साली महाराष्ट्र विधिमंडळाने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे करणारा अधिनियम संमत केला आणि २०२०-२१ या शैक्षणिक वर्षापासून तो टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. ज्या घरांत मराठी बोलली जात नाही अशा घरांतील मुले मोठ्या संख्येने मराठी शिकू लागली. प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र वर्गही आहेतच; बँकांतील अधिकारी, रुग्णालयांतील परिचारिका, परप्रांतातून आणि क्वचित परदेशातून आलेले संशोधक त्यांत बसतात. या सर्वांना लागतो तो एक उतारा आणि त्याखाली काही प्रश्न. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच या भाषांच्या विद्यार्थ्याला पायरीपायरीने चढत जाणारी वाचनपुस्तके मिळतात. मराठीत ती फार थोडी आहेत. शिक्षकाला उताराही स्वतः शोधावा लागतो आणि प्रश्नही स्वतः करावे लागतात. अशा स्थितीत नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आले, त्यामागून तशीच इतर साधने आली, आणि वर्षभरात शिक्षकांच्या कार्यशाळांचा विषय ठरून गेला.

अशा एका कार्यशाळेला मी गेले होते. मार्गदर्शकांनी पडद्यावर एक उतारा चिकटवला, त्याखाली 'या उताऱ्यावर दहा आकलनात्मक प्रश्न उत्तरांसह तयार करा' अशी सूचना लिहिली, आणि अर्ध्या मिनिटात दहा प्रश्न उत्तरांसह उमटले. सभागृहात टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारी बसलेल्या शिक्षिका हळूच म्हणाल्या, 'मॅडम, माझा रविवार वाचला.' माझे भांडण त्या टाळ्यांशी आहे. त्या रविवाराशी नाही.

या विषयावर आपल्याकडे सध्या दोनच पक्ष ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की प्रश्न काढणे ही हमाली आहे. ती यंत्राला द्यावी म्हणजे शिक्षक खऱ्या अध्यापनाला मोकळा होईल. दुसरा पक्ष यंत्राच्या चुका गोळा करतो. यंत्राला मराठी येत नाही, ते ऱ्हस्व-दीर्घ चुकवते, त्याची वाक्ये इंग्रजी वळणाची असतात, म्हणून ते नको. हा दुसरा पक्ष मला अधिक जवळचा वाटावा अशी अपेक्षा असेल, पण तो मला अधिक दुबळा वाटतो. यंत्राच्या चुकांवर उभारलेला युक्तिवाद यंत्राच्या पुढच्या आवृत्तीबरोबर कोसळतो. शिवाय या दोन्ही पक्षांना एक गृहीतक समान आहे. प्रश्न ही उताऱ्यात आधीच दडलेली वस्तू आहे आणि ती शुद्ध रूपात बाहेर काढणे एवढेच काय ते काम आहे, असे दोघेही धरून चालतात. वाद फक्त मजूर कोण यावर आहे.

गृहीतक तपासण्यासाठी उदाहरण हवे. प्रमाणपत्र वर्गासाठी मी लिहिलेला एक छोटा उतारा येथे देते. त्याला वाङ्मयीन मोल काही नाही. तो वर्गाची गरज म्हणून लिहिला होता.

'दुपारी बापू आले. आईने त्यांना पाणी दिले. "मी जेवूनच आलोय," बापू म्हणाले. आईने पुन्हा विचारले नाही. ती आत गेली आणि पोळ्यांवरचे फडके तिने नीट केले. बापू थोडा वेळ बसले. मग "बरं, येतो मी," म्हणून उठले. "या," आई म्हणाली. चपला घालायला बापूंना बराच वेळ लागला.'

यात एकही अवघड शब्द नाही. पहिल्या सहामाहीच्या विद्यार्थ्याला यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ ठाऊक असतो. तरीही मराठी घरात वाढलेल्या वाचकाला जे कळते ते त्याला कळत नाही. आईने पहिल्यांदा विचारल्याचा उल्लेख संहितेत कोठेच नाही; मग 'पुन्हा' कोठून आले? एक तर पाणी देताना तिने विचारले असेल आणि निवेदकाने ते गाळले असेल, किंवा विचारण्याआधीच बापूंनी उत्तर देऊन टाकले असेल. 'जेवून आलोय' आणि 'जेवूनच आलोय' यांत अंतर आहे. व्याकरणात 'च'ला शुद्ध शब्दयोगी अव्यय म्हणून आपण मोकळे होतो, पण येथे तो 'च' समोरच्याचे विचारणे अडवतो आणि त्याच वेळी आपण न जेवता आलो असल्याची शंकाही उत्पन्न करतो. पाहुण्याला दुसऱ्यांदा विचारायचे असते आणि पाहुण्याने पहिल्यांदा नाही म्हणायचे असते, हा अलिखित करार ठाऊक नसेल तर 'आईने पुन्हा विचारले नाही' हे वाक्य केवळ माहिती ठरते. तो करार ठाऊक असेल तर ते वाक्य म्हणजे या उताऱ्यातील एकमेव घटना आहे. पोळ्या होत्या, त्या झाकल्या गेल्या.

हा उतारा मी यंत्राला दिला. बापू केव्हा आले, आईने त्यांना काय दिले, बापू काय म्हणाले, आईने आत जाऊन काय केले, बापू उठताना काय म्हणाले, असे प्रश्न आले. भाषा निर्दोष होती. मग मी अनुमानावर आधारित प्रश्न मागितले. 'आईच्या स्वभावातील कोणते गुण या उताऱ्यातून दिसतात?' असा प्रश्न आला आणि सोबत उत्तर आले: आदरातिथ्य आणि नीटनेटकेपणा. (फडके नीट केले होते, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.) 'बापूंना चपला घालायला वेळ का लागला?' या प्रश्नाचे उत्तर होते, ते वयस्कर असावेत. दुसऱ्या एका साधनाने काही दिवसांनी 'आई आणि बापू यांच्या संबंधांत काही तणाव असू शकतो' असेही सांगितले. ते पहिल्यापेक्षा बरे होते, हे मान्य केले पाहिजे. उद्याचे साधन कदाचित माझ्याहून चांगले उत्तर देईल. तरीही माझा आक्षेप राहतो, कारण तो उत्तराच्या दर्जाविषयी नाही.

तोच उतारा मी वर्गात वाचायला दिला आणि प्रश्न दिले नाहीत. हिंदीभाषक तरुणाला पहिला प्रश्न पडला: बापू उठले आहेत, निघाले आहेत, तर 'येतो' का म्हणतात, कोठून येतात? गुजराती विद्यार्थिनी हसली. निरोप घेताना त्यांच्याकडे 'आवजो' म्हणतात. एक तमिळभाषक बँक अधिकारी म्हणाले की आम्ही 'पोयिट्टु वरेन' म्हणतो, म्हणजे 'जाऊन येतो', त्यामुळे मला येथे काहीच अडले नाही. ज्या वाक्यावर एकाला ठेच लागली ते वाक्य दोघांनी सहज ओलांडले, आणि ते ओलांडणे त्यांच्या मराठीच्या ज्ञानामुळे नव्हते, त्यांच्या स्वतःच्या भाषांमुळे होते. वर्गात एक युरोपीय संशोधिका होती. तिची ठेच वेगळ्या ठिकाणी होती. 'त्याने नाही म्हटले, मग आईने पुन्हा विचारले नाही, हे बरोबरच आहे. ते लिहायचे कशाला?' तिच्याकडे नकार दिलेल्या माणसाला पुन्हा विचारणे हा आगाऊपणा समजतात. त्या दिवशीचा तास या दोन वाक्यांवर संपला.

या प्रसंगात प्रश्न कोठे होते? ते उताऱ्यात नव्हते. ते माझ्याही मनात नव्हते. 'येतो' वर कोणी अडेल हे मी गृहीत धरले होते, पण ज्या वाक्यासाठी मी सारा उतारा लिहिला त्या वाक्याची गरजच कोणी नाकारील, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. प्रश्न निर्माण झाले ते संहिता आणि विशिष्ट वाचक यांच्यामध्ये. आपल्या साहित्यशास्त्राला हे नवीन नाही. 'सूर्य मावळला' या एका वाक्याचे ऐकणाऱ्यागणिक वेगवेगळे अर्थ निघतात, हे उदाहरण 'काव्यप्रकाशा'च्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. अर्थावर आधारलेल्या व्यंजनेची कारणे सांगताना मम्मटाने वक्त्याच्या जोडीने 'बोद्धव्य' म्हणजे ज्याला उद्देशून बोलले जाते तो, आणि 'काकू' म्हणजे स्वरभेद, यांची गणना केली आहे. (एम.ए.च्या वर्गात 'काकू' म्हटले की दरवर्षी मागच्या बाकावर हशा पिकतो.) बोद्धव्य बदलला की व्यंग्यार्थ बदलतो, हे जर आपण मानतो, तर बोद्धव्य कोण हे न ठरवता काढलेला आकलनाचा प्रश्न नेमके कशाचे आकलन तपासतो? त्याला वाच्यार्थाखेरीज तपासण्याजोगे काही उरतच नाही. यंत्र वाच्यार्थावर थांबते याचे कारण त्याच्या क्षमतेत शोधण्याआधी आपल्या सूचनेत शोधावे. आपण त्याला उतारा दिला. वाचक दिला नाही.

यावर उत्तर येईल की वाचकही देता येईल. 'गुजरातीभाषक प्रौढांसाठी प्रश्न तयार करा' असे लिहिले की झाले. हे काही अंशी खरे आहे आणि असे लिहिणारा शिक्षक न लिहिणाऱ्यापेक्षा निश्चितच पुढे आहे. पण 'गुजरातीभाषक प्रौढ' हे कोष्टकाचे नाव आहे. माझ्या वर्गातली ती विद्यार्थिनी नव्हे. ती 'येतो' वर अडली नाही, मात्र 'बापू' या शब्दावर तिला क्षणभर गांधीजी आठवले. हे मला ती बोलल्यामुळे कळले.

यंत्राला प्रश्न करणे कोणी शिकवले, हा इतिहासही पाहण्यासारखा आहे. मजकुरापासून आपोआप प्रश्न तयार करण्याचा प्रयत्न जॉन वुल्फ यांनी १९७६ साली मांडला होता. विधानार्थी वाक्याची रचना बदलून त्याचे प्रश्नार्थक रूप करणे असे त्याचे स्वरूप होते. त्यानंतरचा निर्णायक टप्पा २०१६चा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी इंग्रजी विकिपीडियाच्या ५३६ लेखांतील परिच्छेदांवर एक लाखाहून अधिक प्रश्नोत्तरे जमवली. ती मोलाने काम करणाऱ्या माणसांकडून लिहवून घेतली होती. एका परिच्छेदाला चार मिनिटे द्यायची, पाचपर्यंत प्रश्न लिहायचे आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर परिच्छेदातलाच एखादा सलग तुकडा असले पाहिजे, अशी व्यवस्था होती. हा संग्रह विद्यार्थ्यांसाठी नव्हता. यंत्राला वाचता येते का, हे तपासण्यासाठी माणसांनी केलेली ती परीक्षा होती. पुढच्याच वर्षी, २०१७ साली, तोच संग्रह उलट दिशेने वापरून यंत्राला प्रश्न करायला शिकवण्याचे प्रयोग सुरू झाले. यंत्रासाठी केलेल्या परीक्षेचा नमुना अशा रीतीने यंत्राच्या हातून माणसाकडे परत आला. आजची मोठी भाषा-प्रतिमाने त्या एका संग्रहावर उभी नाहीत, त्यांनी अफाट मजकूर पचवलेला आहे, हे खरे. परंतु 'आकलन म्हणजे उताऱ्यातला योग्य तुकडा दाखवता येणे' ही व्याख्या त्या काळी पक्की झाली आणि ती अद्याप सुटलेली नाही.

मराठीच्या बाबतीत यात आणखी एक पदर आहे. भाषा-प्रतिमानांना कोणकोणत्या भाषांतले वाचून कळते हे मोजण्यासाठी मेटा कंपनीच्या संशोधकांनी २०२३ साली 'बेलेबेले' नावाचा संच प्रसिद्ध केला. त्यात १२२ भाषारूपे आहेत आणि मराठी त्यांपैकी एक. प्रत्येक भाषेत तेच ९०० बहुपर्यायी प्रश्न. उतारे मुळात इंग्रजी विकिस्रोतांतले, प्रश्नही इंग्रजीत लिहिलेले, आणि मग सर्व भाषांत अनुवादित. भाषांची परस्पर तुलना करायची असेल तर सर्वत्र एकच मजकूर लागतो, ही त्यामागची गरज मी समजू शकते. पण 'मराठी वाचनाचे आकलन' या नावाखाली तेथे जे मोजले जाते त्यात 'जेवूनच' मधल्या 'च'ला जागा नाही, कारण अनुवादाच्या मुळाशी तो कधी नव्हताच. २०२४च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. आपल्या भाषेतले आकलन म्हणजे काय, याची व्याख्या मात्र अनुवादातून येते आहे आणि तिच्याविषयी आपल्या नियतकालिकांत चर्चा झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

बहुपर्यायी प्रश्नांचा एक दोष जुनाच आहे. १९९० साली अमेरिकेत स्टुअर्ट कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील प्रवेशपरीक्षेतील आकलनाचे प्रश्न उतारे न देताच विद्यार्थ्यांना सोडवायला दिले, आणि नुसत्या अंदाजाने जितकी उत्तरे बरोबर यावीत त्याहून पुष्कळ अधिक उत्तरे बरोबर आली. २०१८ साली यंत्रांच्या बाबतीतही असेच आढळले. केवळ प्रश्न दिला किंवा केवळ उतारा दिला तरी काही संग्रहांवर यंत्रे बऱ्यापैकी गुण मिळवत होती. माझ्या उताऱ्यावर यंत्राने केलेला एक बहुपर्यायी प्रश्न पाहा. आईचा स्वभाव कसा आहे: प्रेमळ, लोभी, आळशी, भांडखोर? उतारा न वाचता कोणीही सांगेल की प्रेमळ. आई आहे म्हटल्यावर दुसरे काय असणार!

येथे प्रश्न केवळ सोपा नाही. तो संहितेची दुरुस्ती करतो. या उताऱ्यातील आई पाहुण्याला दुसऱ्यांदा विचारत नाही. का, ते संहिता सांगत नाही. जुने वैर असेल, उसने पैसे असतील, रोज ऐन जेवणाच्या वेळी येणाऱ्या माणसाचा कंटाळा असेल. कारण काहीही असो, एक बाई एका अपेक्षेची पूर्तता करायला नकार देते आणि तोही न बोलता. 'आदरातिथ्य' हे उत्तर तिचा नकार पुसून टाकते आणि तिला पाठ्यपुस्तकातील आईच्या जागी परत बसवते. बार्थने ज्याला 'डॉक्सा' म्हटले ते, म्हणजे सर्वांना आधीच मान्य असलेले मत, प्रश्नाच्या रूपाने वाचकाच्या तोंडी घातले जाते. भाषा-प्रतिमान आधीच्या शब्दांवरून पुढे कोणता शब्द संभवतो याचा अंदाज घेत चालते. 'आई' या शब्दापुढे मराठीत सर्वाधिक काय संभवते, हे सांगायला संगणक लागत नाही. एखादी संहिता वाचण्याजोगी ठरते ती संभवनीय ते टाळते तेथे. आणि यंत्राचा प्रश्न नेमका त्याच जागी संभवनीयाकडे परततो. मराठी नव्याने शिकणाऱ्याला मराठी घराविषयी पहिली समज अशा प्रश्नांतून मिळणार असेल, तर त्याला भाषेबरोबर एक गुळगुळीत समाजचित्रही आपण विकत आहोत.

आता आपल्याकडे वळू. यंत्राने हे सारे आकाशातून आणले नाही. मी स्वतः शालेय वयात 'एका वाक्यात उत्तरे लिहा' आणि 'कोण कोणास म्हणाले' यांवर वाढले. २०१८च्या सुमारास राज्य मंडळाने दहावीला प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आणली. हेतू चांगला होता, पाठांतराला आळा बसावा हा. प्रत्यक्षात 'आकृतिबंध पूर्ण करा', 'चौकटी पूर्ण करा' यांत उताऱ्यातला तुकडा उचलून चौकटीत ठेवणे हेच काम उरले. 'स्वमत' या नावाची एक कृती आहे. बाजारातील मार्गदर्शिकांत स्वमताचीही तयार उत्तरे मिळतात आणि मुले ती पाठ करतात. दुसऱ्याचे स्वमत पाठ करण्याची सोय ज्या व्यवस्थेने केली, तिला यंत्राच्या प्रश्नांनी धक्का बसण्याचे कारण नाही. विद्यापीठात तरी काय आहे? २०१२पासून नेट परीक्षेचा वर्णनात्मक भागही गेला आणि साहित्याचा अध्यापक होण्याची पात्रता संपूर्णपणे पर्यायांतून ठरू लागली.

आणि आपण समीक्षक? गेल्या चार-पाच दशकांत मराठी समीक्षेने वाचककेंद्री सिद्धान्तांचा परिचय करून घेतला. रोझेनब्लॅट, इझर यांच्यावर लेख झाले. 'निहित वाचक', 'रिक्त जागा' या संज्ञा रुळल्या. हे लेख लिहिणारे आपणच त्याच महिन्यात 'पुढील कवितेतील निसर्गवर्णन सोदाहरण स्पष्ट करा' असे प्रश्न काढून बंद पाकिटात पाठवत होतो, आणि यात काही विसंगती आहे असे आपल्याला वाटले नाही. प्रश्नपत्रिका ही समीक्षेच्या कक्षेबाहेरची, परीक्षा विभागाची बाब मानली गेली. वस्तुतः वाचनाविषयीचा आपला सिद्धान्त कोणता हे आपल्या लेखांतून कळत नाही. ते आपल्या प्रश्नपत्रिकांतून कळते. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता दिल्या आणि त्यांवर मोकळेपणाने लिहायला सांगितले. १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ त्यातून झाला. साहित्याच्या आकलनात वाचक कोठे चुकतात याचा इतका सविस्तर अभ्यास करणाऱ्याने कवितांखाली प्रश्न छापले नव्हते. वाचक कोठे अडतो हे पाहायचे असेल तर त्याच्या वाटेवर आपले दगड टाकून ठेवायचे नसतात, एवढे त्यांना कळले होते.

माझ्या मांडणीवरचा सर्वांत बळकट आक्षेप तत्त्वज्ञानातून येऊ शकतो. जॉन सर्ल यांनी १९६९ साली 'स्पीच ॲक्ट्स' या ग्रंथात खरा प्रश्न आणि परीक्षेतला प्रश्न असा भेद केला. खऱ्या प्रश्नात विचारणाऱ्याला उत्तर जाणून घ्यायचे असते. परीक्षेतल्या प्रश्नात ते उत्तर समोरच्याला माहीत आहे का, हे जाणून घ्यायचे असते. मग यंत्राने काढलेला प्रश्न शिक्षकाने वर्गात विचारला की तो शिक्षकाचाच होतो. जाणून घेण्याची इच्छा शिक्षकाची, शब्द कोणाचेही असोत. मार्गदर्शिकेतला प्रश्न तरी कोठे शिक्षकाचा असतो?

हा आक्षेप मी अर्धा मान्य करते. उतारा स्वतः वाचून, आपल्या विद्यार्थ्यांचे चेहरे डोळ्यांपुढे आणून, यंत्राने दिलेल्या दहांपैकी आठ प्रश्न खोडून दोन ठेवणारा शिक्षक ते दोन प्रश्न स्वतःचे करतो. पण मग वेळ किती वाचला? प्रश्नाचे वाक्य लिहायला एक मिनिट लागते. वेळ जातो तो उतारा तीनदा वाचण्यात, आपल्याला स्वतःला कोठे अडले ते शोधण्यात, आणि मागच्या आठवड्यात कोण कोठे अडले होते ते आठवण्यात. कार्यशाळेत ज्याला टाळ्या मिळाल्या ती बचत लिहिण्याची नव्हतीच. रविवार वाचला, कारण उतारा वाचला गेला नाही. सर्ल यांच्या भेदात परीक्षेचा प्रश्नही एका अर्थी प्रामाणिक असतो. त्यात समोरच्या माणसाविषयी खरे कुतूहल असते. ज्याने उतारा वाचलेला नाही त्याला विद्यार्थ्याला तो कळला की नाही याचे कुतूहल असू शकत नाही. त्याला गुणांची बेरीज तेवढी हवी असते.

मीमांसक वाक्यार्थासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी आवश्यक मानतात. शब्द जवळजवळ असावेत, एकमेकांशी जुळण्याजोगे असावेत, आणि एकाला दुसऱ्याची अपेक्षा असावी. प्रश्नालाही हे लावून पाहता येईल. यंत्राच्या प्रश्नात संनिधी असते आणि योग्यताही बहुधा असते. आकांक्षा कोणाची, एवढेच सांगता येत नाही.

त्या शिक्षिकेच्या रविवाराविषयी लिहिल्याशिवाय हा लेख अप्रामाणिक होईल. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत द्वितीय किंवा तृतीय भाषा म्हणून मराठी शिकवणाऱ्या व्यक्तीला अनेकदा एकटीला पाच-सहा इयत्ता सांभाळाव्या लागतात. तिच्या विषयाला शाळेत मान नसतो आणि पालकांच्या लेखी तो टळला तर बरा असा असतो. तिने चाळीस सराव-पत्रिका तयार करायच्या तर ती यंत्राकडे जाणार, आणि तिला दोष देण्याचा अधिकार विद्यापीठात आठवड्याला मोजके तास घेणाऱ्या मला नाही. विभक्तिप्रत्ययांचा सराव, लिंगवचनाप्रमाणे विशेषणे बदलणे, गाळलेल्या जागा भरणे ही कामे यंत्राने खुशाल करावीत. त्यांतले उत्तर एकच असते आणि ते तपासता येते. माझी तक्रार तिच्याकडून चाळीस सराव-पत्रिका मागणाऱ्यांविषयी आहे. चाळीस ऐवजी चार उतारे आणि प्रश्नांऐवजी वर्गात एक तास चर्चा, असे कोणी ठरवले तर तिचा रविवार यंत्रावाचूनही वाचेल. तसे कोणी ठरवत नाही, कारण चर्चेचा तास तपासणी अधिकाऱ्याला दाखवता येत नाही आणि सराव-पत्रिकांची चळत दाखवता येते. यंत्र आल्यामुळे ती चळत आता आणखी वाढेल. चाळीसच्या जागी चारशे मागितल्या जातील, आणि त्या देता येतात हे एकदा सिद्ध झाले की न देणारा कामचुकार ठरेल.

हे भाकीत नाही. गेल्या वर्षी एका परीक्षा यंत्रणेने मराठी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी प्रश्नपेढी करायला घेतली आणि मला आकलनाचे २०० प्रश्न महिन्याभरात पाठवायला सांगितले. सोबतच्या सूचनांत 'आवश्यक तेथे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेण्यास हरकत नाही' असे वाक्य होते. मी माझ्या वर्गाच्या दोन वर्षांच्या टिपणवह्या काढल्या, कोण कोठे अडले होते ते पाहिले, आणि ११ प्रश्न पाठवले. प्रत्येकाखाली तो प्रश्न कोणत्या भाषेच्या विद्यार्थ्याला, कोणत्या वाक्यावर पडला होता, याची नोंद केली. पोचपावती आली. नोंदींसाठी नमुन्यात रकाना नसल्याने त्या वगळण्यात आल्या आहेत, असे तीत म्हटले होते. त्यानंतर दुसरे पत्र आले: उर्वरित १८९ प्रश्न केव्हा पाठवता? त्या पत्राला मी अद्याप उत्तर दिलेले नाही.